फाशाला हात कळत नाही



सोळा सोमवारची कहाणी आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. शंकर-पार्वती देवळात सारीपाट खेळतात, डाव कुणी जिंकला म्हणून गुरवाला विचारतात आणि त्याच्या एका उत्तरावरून पुढचं सगळं घडतं. पटावरचा राग देवादिकांनाही चुकला नाही, मग आपली काय कथा! आज आपण या रागाबद्दल आणि उलट्या पडणाऱ्या दानाबद्दल बोलू.

आपल्या पोरी मोबाईलवर खेळतात तो लुडो आपल्याच पचिसीवरून घेतलेला. इंग्लंडमध्ये 1896 साली त्याचं पेटंट घेतलं गेलं. असाच एक फाशांचा खेळ इराणमध्ये तख्ते-नर्द आणि तुर्कस्तानात तावला नावाने घरोघरी खेळतात. इंग्रजीत त्याला बॅकगॅमन म्हणतात. सोंगटीला जुन्या मराठीत नरद म्हणत, तो शब्द फारसी नर्दवरूनच आला. तुर्कस्तानात आजही फाशावरचे आकडे फारसीत पुकारतात : चारला जिहार, पाचला पेंच, सहाला शेश. ऐकायला किती ओळखीचं वाटतं!

या खेळात प्रत्येकाच्या 15 सोंगट्या, पटावर 24 घरं आणि दोन फासे. एका घरात दोन सोंगट्या जोडीने असल्या की त्यांना कुणी मारू शकत नाही. सारीपाटात आपण अशा जोडीला जुग म्हणतो. एकटी सोंगटी मात्र मारली जाते आणि तिला पुन्हा पहिल्यापासून फिरून यावं लागतं.

आता हिशेब बघा. एक फासा लाल आणि एक पांढरा धरला, तर दोन फाशांची 36 दानं होतात. आपली एकटी सोंगटी शत्रूच्या सोंगटीपुढे एकाच घरावर असेल, तर 36 पैकी 11 दानांनी ती मरते. सहा घरं पुढे असेल, तर 17 दानांनी मरते. म्हणजे इथे लांब जाण्यापेक्षा जवळ राहणं बरं. शहाणी बाई सोंगटी जवळ ठेवते. तरीही ती 11 दानं आहेतच. त्यातलं एखादं पडलं, सोंगटी मेली आणि डाव गेला, तर बाई चुकली का? नाही. तिची चाल बरोबर होती, दान वाईट पडलं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

लुडोत सहा पडल्याशिवाय सोंगटी घरातून निघत नाही. दहा वेळा फासा टाकूनही एकही सहा पडला नाही की आपण म्हणतो, "हिचा हातच वाईट." पण दहा-दहा दानांचा असा खेळ शंभर वेळा केला, तर साधारण सोळा वेळा एकही सहा पडत नाही. आठ-दहा जणी खेळायला बसल्या की एखादीच्या वाट्याला हे यायचंच. आणि दहा वेळा सहा पडला नाही म्हणून अकराव्यांदा पडेलच, असंही नाही. मागचं दान फाशाच्या लक्षात राहत नाही. तो कुणाच्या हातातून पडतोय, हेही त्याला कळत नाही.

मैत्रिणींनो, पटावर "हात वाईट" म्हणणं ही थट्टा झाली. तेच बोलणं घरात शिरलं की बाईचा जीव जातो. नवी सून आली आणि त्याच वर्षी विहीर आटली, की ती पांढऱ्या पायाची. नवरा गेला की ती अपशकुनी, हळदीकुंकवाला नको. पाऊस कुणाचे पाय बघून येत नाही आणि आजार कपाळ बघून येत नाही. दान सगळ्या घराचं पडलं, मग दोष एकटीच्या माथी का?

गटातही हेच होतं. दोघींनी शेळ्यांसाठी कर्ज घेतलं. पहिलीने लस टोचली, विमा काढला, कानात बिल्ला मारून घेतला, तरी दोन शेळ्या दगावल्या. दुसरीने यातलं काहीच केलं नाही आणि तिच्या शेळ्या वाचल्या. बैठकीत दुसरीचं कौतुक होतं आणि पहिलीला पुढचं कर्ज द्यायला आपण कचरतो. खरं तर भरवसा पहिलीवर ठेवायला हवा. दुसरीचं फक्त दान चांगलं पडलं, आणि ते दर वर्षी पडणार नाही.

म्हणून आम्ही गटांना सांगतो : हप्ता थकला तर "काय झालं?" एवढंच विचारून थांबू नका. "ठरवताना काय माहीत होतं आणि काळजी काय घेतली?" हेही विचारा. काळजी घेतलेली असेल तर हप्ते लांबवून द्या, तिला सावरा. काळजी घेतली नसेल तर नीट समजावून सांगा, मग तिला नफा झालेला असला तरी. गट म्हणजे आपला जुगच आहे. एकटी सोंगटी मरते, जोडीने बसलेली टिकते.

पुढच्या बैठकीला लुडोचा एक फासा घेऊन या. प्रत्येकीने दहा दानं टाकायची आणि किती सहा पडले ते वहीत लिहायचं. कुणाला तीन पडतील, कुणाला एकही नाही. मग वही सगळ्यांना दाखवा आणि विचारा : जिला एकही पडला नाही, तिचं काय चुकलं?