बालशिक्षिका होण्याची तयारी हायस्कूलपासून

(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



दहावीचा निकाल लागला की आपल्या घरोघरी दोन प्रश्न विचारले जातात. मुलगा असेल तर 'आता कोणती लाइन घेणार?' आणि मुलगी असेल तर 'आता हिला पुढे शिकवायचे का?' या दोन्ही प्रश्नांच्या उत्तरात ज्या कामाचे नाव सहसा निघत नाही, त्याविषयी मी तुमच्याशी बोलणार आहे. ते काम म्हणजे तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शिकविणे.

तुम्ही म्हणाल, त्यात शिकण्यासारखे काय आहे? पोरे तर कोणीही सांभाळते. सांभाळणे निराळे आणि शिकविणे निराळे, हा फरक ज्यांनी आपल्या मुलखाला दाखवून दिला त्यांची थोडी ओळख करून घ्या. भावनगरचे गिजुभाई बधेका हे वकील होते. चालती वकिली सोडून त्यांनी १९२० साली बालमंदिर काढले आणि लोक त्यांना प्रेमाने 'मिशाळ आई' म्हणू लागले. (हे बायकांचे काम आहे म्हणून मागे बसून हसणाऱ्या मुलांनी एवढे ध्यानात ठेवावे.) त्यांच्याबरोबर काम करून ताराबाई मोडक महाराष्ट्रात आल्या आणि १९४५ साली त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावी खेड्यातील मुलांसाठी केंद्र सुरू केले. माँटेसरीची परदेशी साधने महागडी, ती खेड्याला परवडणार कशी? मग शंखशिंपले, खडे, बिया, पाने हीच साधने झाली. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच वस्तीच्या अंगणात गेली. 'अंगणवाडी' हा शब्द त्या अंगणातला आहे.

त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या अनुताई वाघ. बालपणी लग्न आणि बालपणीच वैधव्य वाट्याला आलेली ही मुलगी. नोकरी करीत करीत तिने पुढचे शिक्षण पुरे केले. पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताईंनी आदिवासी मुलांना तर शिकविलेच, पण मुलांना शिकविणाऱ्या बाईही तयार केल्या. १९८५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मुलीचे शिक्षण अमुक कारणाने थांबले आणि आता सारे संपले, असे मानणाऱ्या पालकांनी अनुताईंचे चरित्र एकदा वाचावे.

आता आपल्या तालुक्याकडे येऊ. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगावी पोहोचली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरजेप्रमाणे दवाखान्यात पाठविणे, आयांना आहार-आरोग्याची माहिती देणे आणि शाळेपूर्वीचे शिक्षण अशी सहा कामे तिच्याकडे आहेत. आपण मात्र तिला खिचडीच्या नावानेच ओळखतो. सेविकेच्या पदासाठी पूर्वी दहावी पुरत असे. महाराष्ट्रात २०२३ च्या नियमांपासून सेविकेला आणि मदतनीसलाही बारावी उत्तीर्ण असावे लागते, उमेदवार त्याच गावची रहिवासी लागते, वय १८ ते ३५. म्हणजे दहावीनंतर ज्या मुलीला घरी बसविले, तिच्यासाठी तिच्याच गल्लीतले हे दार बंद झाले. 'लग्न होऊन परगावी गेली तर?' असे आया विचारतात. तर बारावीचे प्रमाणपत्र तिच्याबरोबर जाईल आणि सासरच्या गावीही अंगणवाडी असेलच.

याच नियमांत आणखी एक गोष्ट आहे, ती आपल्याकरिता मोलाची आहे. ज्या अंगणवाडीत निम्म्याहून अधिक मुले मराठीशिवाय दुसरी भाषा बोलतात, तेथील उमेदवाराला ती भाषा आली पाहिजे. त्या भाषांच्या यादीत उर्दूही आहे. याचे कारण घरातच पाहा. आपले तीन वर्षांचे पोर 'मेरेकू पानी होना' म्हणते. ज्या बाईला ही बोली कळते ती त्याला पाणी देते आणि हसत हसत 'पाणी पाहिजे' हेही शिकविते. जिला कळत नाही तिच्यासमोर ते पोर गप्प बसते, आणि गप्प बसलेल्या पोराला लोक मंद म्हणू लागतात. पहिलीत मागे पडलेल्या कितीतरी मुलांची सुरुवात अशी झालेली असते, असे माझे मत आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही लहान वयात घरच्या भाषेवर भर दिला आहे. घरची दखनी आणि शाळेची मराठी, दोन्ही सफाईने बोलणारी आपली मुलगी या कामाला जितकी योग्य, तितकी बाहेरची उमेदवार क्वचितच सापडेल. मात्र मराठी सफाईने यायलाच हवी. तिचा कंटाळा करू नका.

पैशाविषयी स्पष्ट बोलतो. सेविकेला पगार नाही, मानधन मिळते, आणि ते कामाच्या मानाने थोडे आहे. म्हणूनच डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभरच्या सेविका संपावर गेल्या होत्या. सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये दिला, पण तोही भांडूनच मिळवावा लागला. तेव्हा केवळ मानधनाकडे पाहून कोणी या कामात पडू नये. ज्यांना पुढे जायचे आहे त्यांनी बारावीवर न थांबता पदवी घ्यावी. पर्यवेक्षिकेच्या पदाला पदवी लागते, आणि शिक्षण धोरणाप्रमाणे बारावी झालेल्या सेविकेसाठी बालशिक्षणाचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे. अकरावी-बारावीला राज्य मंडळाचा 'बालविकास' हा विषयही आहे. तो सोपा म्हणून घेऊ नका, उपयोगी म्हणून घ्या.

पण खरी तयारी अकरावीच्या आधी, आठवी-नववीतच सुरू होते, आणि तिला फी लागत नाही. संस्थेने नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना शनिवारी दोन तास, सेविकेच्या परवानगीने, जवळच्या अंगणवाडीत पाठवावे अशी माझी विनंती आहे. तेथे जाऊन लगेच शिकवू लागायचे नाही. आधी पाहायचे. कोणते मूल एकटे बसते, कोणाला कात्री धरता येत नाही, कोण दुसऱ्याच्या हातातले ओढून घेते. वजनकाट्यावर मूल कसे ठेवतात आणि वजनाची नोंद कशी करतात, हे सेविकेकडून समजून घ्यायचे. आता ही नोंद मोबाइलवरही भरावी लागते, तेव्हा मोबाइल केवळ गाण्यांसाठी नाही.

घरीही शिकता येते. तुरीचे, हरभऱ्याचे आणि सोयाबीनचे दाणे एका ताटात मिसळा आणि धाकट्या भावंडाला निवडून वेगळे करू द्या. वेगळे करणे, मोजणे, कमी-जास्त ओळखणे, आणि लिहिण्यासाठी बोटांना वळण, सारे त्यात आले. तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल कोंबून अलिफ-बे किंवा ए-बी-सी गिरवून घेण्याची जी घाई आपल्या घरांत चालते ती सोडून द्या. बोटे तयार झाली की मूल आपणहून लिहू लागते. मात्र दाणे नाका-कानात जातात, म्हणून शेजारी बसून राहायचे. दादीच्या तोंडच्या गोष्टी आणि नानीची अंगाईगीते एका वहीत उतरवून घ्या. गोष्ट सांगताना मूल कुठे हसले, कुठे उठून गेले, तेही समासात लिहून ठेवा. सुट्टी संपल्यावर या वह्या वर्गात घेऊन या. ज्या गोष्टीला मुले उठून गेली, ती पुन्हा कशी सांगायची ते आपण तेथे बसून पाहू.