उष्ण हवेतील पिटुनिया आणि पालीची परसबाग

रायगड जिल्ह्याच्या सुधागड तालुक्यातील पाली हे गाव बल्लाळेश्वरामुळे उभ्या महाराष्ट्राला परिचित आहे. सरसगडाच्या पायथ्याशी वसलेल्या या गावात फुलांचा विषय निघाला की प्रथम जास्वंद आणि दूर्वा आठवाव्यात, हे स्वाभाविकच होय. तथापि देवपूजेची फुले वेगळी आणि अंगणाच्या शोभेची वेगळी. मुंबई-पुण्याहून येणारे चाकरमानी हौसेने पिटुनियाची बहरलेली कुंडी गावी आणतात. काही आठवडे ती डोळ्यांचे पारणे फेडते आणि चैत्राच्या सुमारास मान टाकते. मग दोष कधी मातीला दिला जातो, कधी पाणी घालणाऱ्या हाताला. वस्तुतः दोष बहुधा या दोहोंचाही नसतो. वेळ चुकलेली असते.

पिटुनिया मूळची दक्षिण अमेरिकेची. तिचे नाव तेथील आदिवासींच्या भाषेतील तंबाखूवाचक शब्दावरून पडले, आणि ते सार्थही आहे. कारण तंबाखू, वांगी, टोमॅटो आणि मिरची यांच्याच कुळात तिची गणना होते. तिच्या रानटी जातींपैकी एक पांढरी, सायंकाळनंतर दरवळून निशाचर पतंगांना बोलावणारी. दुसरी जांभळी, दिवसा मधमाश्यांवर विसंबणारी. १८३०च्या दशकात युरोपातील माळ्यांनी या दोहोंचा संकर केला आणि आजची बागेतील पिटुनिया जन्मास आली. युरोपात ती उन्हाळ्याचे फूल म्हणून लावली जाते. बियाण्याच्या विदेशी पाकिटावरही तसेच छापलेले असते, आणि फसगत होते ती येथेच. तिकडचा सौम्य उन्हाळा म्हणजे हवामानाच्या दृष्टीने आपला पौष-माघ होय!

मग 'उष्णता सहन करणारी' या शब्दांचा अर्थ काय घ्यावा? दिवसाच्या उन्हाला पिटुनिया भीत नाही. उलट पाच-सहा तास थेट ऊन न मिळाल्यास ती नुसती उंच वाढते, फुलत नाही. तिला थकविते ती न निवणारी रात्र आणि दमट हवा. दिवसा पानांनी तयार केलेले अन्न उष्ण रात्री श्वसनातच खर्ची पडते; दांडे लांबट होतात, फुले लहान येतात. रायगड जिल्ह्यातीलच भिरा येथे मार्च २०१७च्या अखेरीस ४६.५ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली आणि तिची देशभर चर्चा झाली. अशा दिवसांत कोणत्याही वाणाकडून बहराची अपेक्षा धरणे व्यर्थ आहे. सहनशील वाणाचा लाभ एवढाच की फाल्गुनात संपणारा बहर काही आठवडे पुढे सरकतो.

वाण निवडताना मोठ्या फुलांचा मोह आवरावा. मोठी, झालरीची पाकळी दवाने आणि अवकाळी सरीने फाटते, कुजते. लहान पण पुष्कळ फुले देणारा प्रकार कोकणच्या हवेत अधिक टिकतो. पसरणाऱ्या वाणांचाही विचार करावा. जपानच्या सनटोरी कंपनीने १९८९ साली 'सर्फिनिया' हा वाण आणला. तो फाट्यांपासून वाढवितात. बियांपासून होणाऱ्या 'वेव्ह पर्पल' या वाणाला १९९५ साली 'ऑल अमेरिका सिलेक्शन्स' हा मान मिळाला. संकरित वाणाचे घरी धरलेले बी मूळ रंगरूपाचे निघत नाही, हे मात्र ध्यानी असावे. दरवर्षी नवे बी घेणे आले. त्यासाठी आळीतील दोन-चार घरांनी मिळून एक पाकीट घेणे परवडते.

पिटुनियाचे बी खसखशीहूनही बारीक असते. एका ग्रॅममध्ये सुमारे दहा हजार दाणे भरतात. नवरात्राच्या सुमारास, पाऊस ओसरू लागला की, ते बारीक वाळूत मिसळून पसरट कुंडीत पेरावे. बियांवर माती लोटू नये, कारण उगवणीस प्रकाश लागतो. कुंडी पडवीत, पागोळीपासून दूर ठेवावी आणि पाणी वरून न घालता परातीत ठेवून खालून द्यावे. वरच्या पाण्याने बी वाहून जाते आणि कोवळी रोपे बुडाशी कुजतात. आठ-दहा दिवसांत अंकुर दिसतात. पाच-सहा आठवड्यांची रोपे दिवाळीनंतर कायम जागी लावावीत. दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत आणि एक भाग वाळू हे मिश्रण पुरेसे होय. रोप वीतभर होताच शेंडा खुडावा. पाणी सकाळी, बुंध्याशी द्यावे. सुकलेले फूल खुडताना केवळ पाकळ्या न ओढता खालचे बोंडही काढावे, अन्यथा झाडाची शक्ती बी धरण्यात जाते. एवढी निगा राखल्यास माघी चतुर्थीला यात्रेकरूंनी पाली गजबजते, त्या वेळी अंगण भरात असते.

खरा प्रश्न पुढचा आहे. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यातही वैशाखात अनेक वाड्यावस्त्यांवर पाण्यासाठी पायपीट करावी लागते, आणि तो हंडा बहुतेक घरी बाईच्याच डोक्यावर असतो. सरत्या पिटुनियाला दोन वेळा पाणी घालून आणखी पंधरवडा जगविण्यासाठी तो हंडा नव्हे. भाजी-तांदूळ धुतलेल्या पाण्यावर जेवढ्या कुंड्या जगतील तेवढ्याच जगवाव्यात. फाल्गुनअखेर रोपे निम्म्यावर छाटून सकाळचे ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशा जागी हलविल्यास काही रोपे पुन्हा फुटतात. जी फुटत नाहीत ती खुशाल उपटावीत. त्यांच्या जागी सदाफुली किंवा चिनी गुलाब लावावा. ही दोन्ही झाडे थोड्या पाण्यावर भर उन्हात फुलतात, शिवाय शेजारणीकडून फुकट मिळतात.

तंबाखू मळणाऱ्याने हात साबणाने धुतल्याखेरीज पिटुनियाची रोपे हाताळू नयेत. तंबाखूवरील केवडा रोगाचे विषाणू हातांवाटे पसरतात. पाने वेडीवाकडी होऊन त्यांवर पिवळट चट्टे दिसले, तर ते रोप मुळासकट काढून जाळावे. अशा कुंडीतील माती मिरची-वांग्याच्या रोपांना घालू नये.