बासनातली पत्रे आणि कपाटातले फोन



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांना साजेल असे मराठी पत्रवाङ्मयावर मी काही बोलावे, अशी संस्थेची अपेक्षा होती. माझा पीएच.डी.चा प्रबंधही त्याच विषयावरचा. तो विषय मी सोडलेला नाही. परंतु पत्राची जागा ज्या वस्तूने घेतली ती वस्तू आज आपल्या घराघरांतील कपाटांत निपचित पडून फुगत चालली आहे, आणि त्याविषयी बोलणे मला अधिक निकडीचे वाटते. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने मोबाइल फोनच्या बॅटरीवर व्याख्यान द्यावे याचे काहींना हसू येईल. खुशाल हसावे; मात्र घरी गेल्यावर कपाट उघडून पाहावे.

देवासकरांना हे नव्याने सांगायला नको की इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९१२-१३ च्या हिंदुस्थान भेटीत येथे येऊन गेले आणि १९२१ मध्ये थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव यांचे खाजगी सचिव म्हणून काही महिने राहिले. येथून त्यांनी मायदेशी धाडलेली पत्रे जपली गेली आणि १९५३ मध्ये त्यांतून ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तक सिद्ध झाले. पत्रे लिहिली त्याला तोवर तीस वर्षे उलटून गेली होती. धारची गोष्ट याहून जुनी. अर्जुनवर्म्याच्या काळी, तेराव्या शतकात, राजगुरू मदनाने रचलेली ‘पारिजातमंजरी’ ही नाटिका दगडावर कोरलेली होती. १९०३ मध्ये काशिनाथ कृष्ण लेले यांना तिची एक शिळा सापडली. चार अंकांपैकी पहिले दोन तिच्यावर आहेत. उरलेल्या दोन अंकांची शिळा लेल्यांच्या हाती लागली नाही. अर्धी का होईना, पण जी मिळाली ती सातशे वर्षांनी वाचता आली.

कागदाची आणि दगडाची ही सवय आपल्या हाडीमाशी मुरलेली आहे. वस्तू बासनात बांधावी, कोरड्या जागी ठेवावी आणि विसरून जावे. दप्तरखान्यातल्या रुमालांना कोणी सहा महिन्यांनी उघडून पाहत नसे, आणि वाळवी लागली नाही तर त्यांचे काही बिघडतही नसे. फोन ही वस्तू मात्र अशी विसरलेली सोसत नाही. ‘जतन’ हा शब्द आपण ‘नुसते ठेवणे’ या अर्थाने वापरू लागलो आहोत. पण तो मूळचा ‘यत्न’ आहे, हे शब्दव्युत्पत्ती शिकवताना मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो.

माझ्या आत्याचे माहेर देवासचे, सासर धारचे. तिच्या नातीने २०१६ साली तिच्याच फोनवर तिला बोलते केले आणि सतरा ध्वनिमुद्रणे केली. २०१९ मध्ये आत्या गेली. फोन तिच्या चष्म्याबरोबर आणि जपमाळेबरोबर लोखंडी कपाटात गेला. कपाट पश्चिमेच्या भिंतीला टेकलेले, वर कवेलूंचे छप्पर. पाच वर्षांनी ते उघडले तेव्हा फोनची पाठ उचलली गेली होती, पडदा एका कडेने सुटला होता आणि फटीतून चंदेरी उशीसारखे काहीतरी डोकावत होते.

ती उशी म्हणजे काय, हे समजून घेतले पाहिजे. लिथियम-आयन बॅटरी सोनी कंपनीने १९९१ मध्ये बाजारात आणली. तिचा पाया घालणाऱ्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. हिच्या पोटात दोन पातळ थर आणि त्यांच्यामध्ये सच्छिद्र पडदा असतो. एका थरात ग्रॅफाइट तांब्याच्या पत्र्यावर लेपलेले, दुसऱ्यात धातूचे ऑक्साइड. सर्वांना भिजवणारा द्राव सेंद्रिय असतो आणि तो ज्वालाग्राही आहे. आत दमट हवा शिरू नये म्हणून पाकीट घट्ट सीलबंद केलेले असते. त्यामुळे आत वायू तयार झाला तर त्याला बाहेर पडायला वाट नाही. पाकीट फुगते.

वायू तयार होण्याचे रस्ते दोन, आणि दोन्ही आपल्या कपाटांतून जातात. पहिला, फोन पूर्ण भरून ठेवणे. भरलेल्या सेलचा दाब सुमारे ४.२ व्होल्ट असतो; त्या अवस्थेत आणि उष्णतेत आतला द्राव हळूहळू विघटित होतो, आणि कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन, इथिलीन असे वायू साचू लागतात. दुसरा, फोन रिकामा करून ठेवणे. बंद केलेला फोनही थोडी थोडी वीज खातच असतो. ती एका मर्यादेखाली गेली की ग्रॅफाइटवरचे संरक्षक पटल मोडते, तांबे द्रावात विरघळू लागते, आणि असा सेल पुन्हा भरू पाहणे धोक्याचे ठरते. माळव्याच्या रात्रींच्या गारव्याचे कौतुक आपण सर्वांनी ऐकले आहे. पण मे महिन्यात दुपारी पारा चाळीस अंशांच्या आसपास असतो, आणि लोखंडी कपाटात रात्रीचा वारा शिरत नाही. उत्पादक सांगतात त्या मर्यादा पाहा. ॲपल कंपनीची सूचना अशी की दीर्घकाळ ठेवायचे उपकरण निम्मे भरून, बंद करून, ३२ अंशांहून कमी तापमानात ठेवावे आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा निम्मे भरावे. आमच्या लहानपणी गावाला जाताना विजेरीतले सेल काढून ठेवण्याचा दंडक होता, कारण ते पाझरत आणि विजेरी गंजवत. हे सेल पाझरण्याऐवजी फुगतात, इतकेच. दंडक मात्र आपण नव्या वस्तूला लावला नाही.

आता आत्याकडे येतो. देवासच्या एका दुरुस्ती करणाऱ्या तरुणाने फोन चार्जरला लावू दिला नाही, ही त्याची पहिली शहाणीव. उन्हापासून दूर, मोकळ्या जागी, धातूचे टोकदार हत्यार न लावता त्याने फुगलेला सेल सोडवला, नवा बसवला आणि फोन चालू केला. फोनला घातलेले कुलूप नातीला ठाऊक होते, म्हणून उघडले. सतराही मुद्रणे शाबूत निघाली. याचे कारण साधे आहे. आवाज बॅटरीत नसतो. तो वेगळ्या चिपमध्ये असतो आणि तेथे टिकून राहायला त्याला वीज लागत नाही. अर्थात तीही चिप अमर नव्हे. तिच्यात साठवलेला सूक्ष्म विद्युतभार वर्षांगणिक झिरपतो.

त्या मुद्रणांत आहे काय? कोणी म्हणेल, म्हाताऱ्या बाईचे पाल्हाळ. मी त्यांत धार-देवासची मराठी ऐकली. पुण्याची बाई मक्याचे कणीस म्हणेल. आत्या ‘भुट्ट्याचा कीस’ म्हणते आणि तो दुधात किती वेळ शिजू द्यायचा ते सांगते. थंडीत गराडू तळताना आच कशी ठेवावी ते सांगते. टेकडीवरच्या तुळजाभवानीला ‘बडी माता’ आणि चामुंडेला ‘छोटी माता’ म्हणते, आणि त्याच वाक्यात ‘आम्ही पायऱ्या चढलो’ असे अस्सल मराठी क्रियापद येते. पवारांबरोबर अठराव्या शतकात येथे आलेल्या मराठीचे माळवीशी जे नाते जडले, त्याचा हा लिखित नसलेला पुरावा आहे. कुमार गंधर्व १९४८ पासून देवासला राहिले. आजारपणात अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी बायकांची लोकगीते ऐकली आणि पुढे ती स्वरलिपीत उतरवली. गाणारीला ठाऊकही नसते की आपण काही ठेवून जात आहोत.

माझ्या परिचयातील एका कुटुंबाने आईचा फुगलेला फोन भीतीपोटी कचऱ्यात टाकला. तिच्या तोंडच्या ओव्या त्यातच होत्या. भीती निराधार होती असे मी म्हणणार नाही. २००७ च्या ऑगस्टमध्ये नोकियाने आपल्या बीएल-५सी जातीच्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांविषयी इशारा दिला, तेव्हापासून बॅटरी म्हणजे बाँब ही समजूत घरोघरी बसली आहे. तो इशारा चार्ज करताना तापण्यासंबंधी होता, कपाटात फुगण्यासंबंधी नव्हे. पण धास्तीला एवढा भेद कुठला कळायला! भीतीने फेकणारे आणि मायेने विसरणारे, दोघांचाही ऐवज सारखाच जातो.

करायचे काय ते थोडक्यात सांगतो. जो फोन अजून धड आहे त्यातले आवाज, छायाचित्रे, संदेश आधी दुसरीकडे उतरवून घ्यावेत, आणि एकाच ठिकाणी नव्हे, दोन ठिकाणी. पाठ निघणारा जुना फोन असेल तर बॅटरी काढून वेगळी ठेवावी. सीलबंद असेल तर निम्मा भरून गार, कोरड्या खोलीत ठेवावा आणि दिवाळी व अक्षय्यतृतीया या दोन सणांना काढून पाहावा. सहा महिन्यांचा हिशेब आपोआप जुळतो. फुगलेला दिसला तर चार्जरला लावू नये, दाबू नये, टोचू नये, टपालाने पाठवू नये. कपड्यांपासून आणि कागदांपासून दूर, कोरडी वाळू घातलेल्या मातीच्या कुंडीत तो ठेवावा आणि जाणत्या दुरुस्ताकडे सेल काढून घ्यावा. काढलेला सेल घंटागाडीत टाकू नये. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावा. बॅटरी कचरा व्यवस्थापनाचे २०२२ चे नियम ही जबाबदारी उत्पादकांवर टाकतात, तेव्हा आपण मागून घेण्यास संकोचू नये.

मुख्याध्यापिका बाईंनी शाळेचा संगणक कक्ष या कामासाठी शनिवारी दुपारी उघडा ठेवण्याचे मान्य केले आहे. फुगलेला फोन तेथे आणू नये; तो असल्याचे नुसते कळवावे, दुरुस्त तुमच्या घरी येईल. धड फोन आणताना त्याचा चार्जर आणि कुलपाचे आकडे आणावेत. सोबत एका कागदावर, शाईने, इतके लिहून आणावे: आवाज कोणाचा, माहेर कोणते, सासर कोणते आणि साल.