शेप-वन आणि खरं उत्तर

तळेगावकर श्रोतेहो, देहूरोडची छावणी शेजारी आणि केंद्रीय राखीव पोलीस दलाचा तळ गावातच. फौजी आयुष्य कसं असतं ते तुम्हाला सांगायला नको. थेट मुद्द्यावर येतो. जुलै २०२२ मध्ये सरकारने राज्यसभेत सांगितलं, की पाच वर्षांत तिन्ही दलांत मिळून ८१९ आत्महत्या झाल्या. त्यांतल्या ६४२ लष्करातल्या. यावर उपाय म्हणून धोका ओळखणाऱ्या चाचण्या आणखी नेमक्या करा, असं सुचवलं जातं. पण २०१७ साली पन्नास वर्षांतले ३६५ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा असे अंदाज नशिबावर सोडण्यापेक्षा जेमतेम बरे ठरले. शिवाय खरं बोलल्याने ज्याचं नुकसान होतं, तो खरं बोलेलच कशाला? लष्कराची वैद्यकीय श्रेणी घ्या. ‘शेप’च्या पाच इंग्रजी अक्षरांतलं पहिलं मनाचं, पुढे कान, हातपाय, शरीर, डोळे. सगळं ठीक असेल तर जवान ‘शेप-वन’. जगणं नकोसं झालंय असं तो बोलला, तर पहिल्याच अक्षराचा आकडा घसरू शकतो आणि बढती, पोस्टिंग अडू शकतं. घरी भावकीचा वाद आणि डोक्यावर कर्ज असलेला हवालदार मग एवढंच म्हणतो, ‘सब ठीक है, साब.’

काही माजी सैनिकांच्या चेहऱ्यावर नाराजी दिसते आहे. फौजेला दुबळं ठरवण्याचा माझा हेतू नाही. हाती शस्त्र असलेल्याची मनःस्थिती वरिष्ठांना कळायलाच हवी, हा आक्षेपही रास्त आहे. पण काही दिवस शस्त्र दूर ठेवणं ही काळजी झाली. त्यासाठी कारकीर्द पणाला लागायचं कारण नाही. इस्रायलने २००६ मध्ये जवानांनी सुट्टीवर जाताना रायफल तळावरच ठेवावी असं ठरवलं आणि आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या. कुणाला वेगळं काढलं नाही, कुणाच्या कागदावर शेरा पडला नाही.  म्हणून माझं म्हणणं एवढंच: उपचार करणारा डॉक्टर आणि श्रेणी ठरवणारा डॉक्टर वेगळे असावेत, आणि वेळेवर मदत मागणाऱ्याची बढती अडू नये.

माजी सैनिकांचं तर कुणी विचारतच नाही. चाळिशीच्या आत-बाहेर निवृत्त होऊन चाकणला कंपनीच्या गेटवर रात्रपाळी करणाऱ्याला माजी सैनिकांसाठीच्या ईसीएचएस दवाखान्यात रक्तदाबाबरोबर झोपेचं आणि जगण्याच्या इच्छेचंही स्पष्ट विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती अभ्यासांत खरी ठरलेली नाही. सैनिक व त्यांच्या कुटुंबांसाठी टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा खास कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात (एएफएमसी) सुरू झाला. टेलि-मानसचा क्रमांक १४४१६. आज घरी गेल्यावर तो भिंतीवर लिहून ठेवा, आणि घरातल्या फौजी माणसाला सरळ विचारा.