'मी तिथे नव्हतोच!'

(गुन्हेगारी खटल्यांचे दीर्घकाळ वार्तांकन केलेल्या एका पत्रकाराने व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे हे संपादित शब्दांकन.)



व्याख्यानाचा आरंभ एका कबुलीने करतो. पत्रकारितेत नवा असताना एका खुनाच्या प्रकरणात पकडलेल्या तरुणाची बातमी मी लिहिली होती. मथळा होता, 'खुनी जेरबंद'. पुढे त्या तरुणाची निर्दोष मुक्तता झाली. घटनेच्या रात्री तो आजारी आईच्या उशाशी रुग्णालयात होता, हे तेथील नोंदवहीने आणि परिचारिकेच्या साक्षीने सिद्ध झाले. ती बातमी आम्ही आतल्या पानावर चार ओळींत छापली. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील दोन्ही कात्रणे घेऊन कार्यालयात आले. ते रागावले नाहीत. दोन्ही कात्रणे माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवून म्हणाले, "साहेब, यांतलं गावानं कोणतं वाचलं असेल?" माझ्याकडे उत्तर नव्हते. आजचे व्याख्यान हे त्या प्रश्नाला दिलेले उशिराचे उत्तर समजावे.

अन्यत्र उपस्थिती म्हणजे काय?

'गुन्हा घडला तेव्हा मी तिथे नव्हतो, दुसरीकडे होतो' या बचावाला न्यायालयात 'अ‍ॅलिबी' म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच 'दुसरीकडे' असा आहे. मराठीत आपण त्याला अन्यत्र उपस्थितीचा बचाव म्हणू. 1872च्या पुरावा कायद्यात यासाठी उदाहरण होते ते कलकत्ता आणि लाहोरचे. गुन्हा कलकत्त्यात घडला असेल, तर त्या दिवशी आरोपी लाहोरला होता ही गोष्ट खटल्याशी संबंधित ठरते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात त्या गावांची जागा चेन्नई आणि लडाखने घेतली. गावे बदलली, तर्क तोच राहिला. एकच देह एका वेळी दोन ठिकाणी असू शकत नाही.

परंतु हा बचाव तोंडाने सांगून भागत नाही. आपण अन्यत्र होतो हे सिद्ध करण्याचा भार कायदा आरोपीवर टाकतो, आणि तो हलका नाही. अलाहाबादच्या एका खून खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1981 साली दिला. आरोपीचे म्हणणे असे की, तो त्या वेळी नैनी येथील कारखान्यात कामावर होता. साक्षीदार होते, हजेरीची नोंदही होती. पण ती हजेरी होती सकाळी साडेआठची आणि गुन्हा घडला होता नऊच्या सुमारास. दोन्ही ठिकाणांमधील अंतर थोडे होते. शिवाय त्या कारखान्यात कामगार आत येताना कार्डावर वेळ उमटवीत, बाहेर जाताना नव्हे! बचाव पक्षाचा पुरावा जसाच्या तसा खरा मानला, तरी साडेआठला कारखान्यात आणि नऊला गुन्ह्याच्या जागी असणे शक्य होते. बचाव कोसळला आणि दोषसिद्धी कायम राहिली.

याच निकालात सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी एक मोलाची गोष्ट सांगितली. बचावाच्या साक्षीदारांनाही सरकार पक्षाच्या साक्षीदारांइतकीच समान वागणूक मिळाली पाहिजे. त्यांच्याविषयीचा उपजत अविश्वास न्यायालयांनी सोडला पाहिजे. ते पुष्कळदा खोटे बोलतात हे खरे, पण सरकार पक्षाचे साक्षीदारही बोलतातच. आरोपीची दोषसिद्धी कायम करणाऱ्या निकालात हे म्हटले गेले, हे लक्षात घ्यावे.

खोटा बचाव म्हणजे गुन्हा सिद्ध नव्हे

येथे आपल्या मनाची एक गल्लत होते. आरोपीचा बचाव खोटा ठरला की आपण म्हणतो, 'बघा, खोटं बोलला, म्हणजे यानंच केलं!' कायदा असे मानत नाही. घाबरलेला निरपराध माणूसही खोटे बोलतो. पुण्यातील एका नवविवाहितेच्या मृत्यूच्या खटल्यात 1984 साली सर्वोच्च न्यायालयाने परिस्थितीजन्य पुराव्याची पाच तत्त्वे सांगितली. न्यायालयाने त्यांना 'पंचशील' म्हटले. पुराव्याची साखळी अशी पूर्ण हवी की, आरोपीच्या निर्दोषत्वाला वाजवी जागाच उरू नये. साखळी आधीच पूर्ण असेल तर आरोपीचा खोटा बचाव ही तिची जादा कडी होऊ शकते. तुटलेली साखळी मात्र त्या खोटेपणाने सांधता येत नाही. त्याही आधी, 1973 साली, महाराष्ट्रातीलच एका खटल्यात न्यायालयाने बजावले होते की, 'केले असेल' आणि 'केलेच असले पाहिजे' यांतले अंतर मोठे आहे. आपल्या ओसरीवरच्या गप्पांत हे अंतर आपण किती सहज ओलांडतो!

खरा बचाव ऐकूनच घेतला नाही तर काय होते, हे लंडनच्या अ‍ॅडॉल्फ बेक प्रकरणाने दाखवले. 1896 साली अनेक स्त्रियांनी या नॉर्वेजियन गृहस्थाला फसवणूक करणारा म्हणून ओळखले. 1877 साली 'जॉन स्मिथ' नावाने शिक्षा झालेला इसम तो हाच, असाही दावा होता. त्या काळात बेक दक्षिण अमेरिकेत होता. पण जुना गुन्हा या खटल्याचा विषय नाही, असे म्हणून न्यायाधीशांनी तो पुरावा येऊच दिला नाही. बेकला सात वर्षांची शिक्षा झाली. सुटल्यावर 1904 साली तशाच आरोपाखाली तो पुन्हा दोषी ठरला, आणि शिक्षा सुनावली जाण्याआधी खरा 'स्मिथ' सापडला! या अन्यायातून धडा घेऊन इंग्लंडमध्ये 1907 साली फौजदारी अपील न्यायालय स्थापन करणारा कायदा झाला.

नाशिकचे सहा जण

लंडन दूर आहे, नाशिक नाही. जून 2003 मध्ये नाशिकजवळ एका बागेत राहणाऱ्या कुटुंबावर रात्री हल्ला झाला. पाच जणांची हत्या झाली, अमानुष अत्याचार झाले. समाजाचा संताप स्वाभाविक होता. भटक्या समाजातील सहा जणांना अटक झाली. सत्र न्यायालयाने सर्वांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची शिक्षा जन्मठेपेत बदलली, तर सर्वोच्च न्यायालयाने 2009 साली सहाही जणांना फाशी दिली.

आणि 5 मार्च 2019 रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने आपला निर्णय मागे घेऊन सहाही जणांची निर्दोष मुक्तता केली. का? जिवंत वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी स्त्रीने घटनेनंतर लगेच पोलिसांकडील छायाचित्रांतून चार वेगळ्याच व्यक्तींना ओळखले होते. त्या चौघांचा तपास झाला नाही आणि ही गोष्ट न्यायालयापासून दडवली गेली. निरपराधांची सोळा वर्षे गेली. त्यांपैकी एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. प्रत्येकी पाच लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश झाला. पण श्रोतेहो, दुसरी बाजूही पाहा. त्या उद्ध्वस्त कुटुंबाला काय मिळाले? निरपराधाला शिक्षा होते तेव्हा खरा गुन्हेगार मोकळा राहतो. आरोपीचे हक्क आणि पीडिताचा न्याय यांना परस्परविरोधी मानणे ही आपली मोठी चूक आहे. दोघांनाही आधार एकच, तो म्हणजे सच्चा पुरावा.

आपल्या परंपरेला हे नवे नाही. याज्ञवल्क्यस्मृतीने लेख, भोग आणि साक्षी ही प्रमाणे सांगितली. रामशास्त्री प्रभुण्यांचा करारीपणा आपण मुलांना सांगतो. पण नारायणराव पेशव्यांच्या खुनाची त्यांनी आधी चौकशी केली आणि मग राघोबादादांना दोषी धरले, हा क्रम विसरतो. आणि एका पत्रातला 'ध' बदलून 'मा' होतो तेव्हा काय अनर्थ घडतो, ही आख्यायिका तर आपल्या घराघरांत आहे.

आपण काय करावे?

आज मोबाईल आणि कॅमेरे साक्ष देतात. पण मोबाईलच्या नोंदी फोन कुठे होता ते सांगतात, माणूस कुठे होता ते नव्हे. कॅमेऱ्यातील चित्रण काही दिवसांत पुसले जाते. त्यामुळे कुणावर आळ आलाच तर तिकीट, पावती, हजेरी, चित्रण ताबडतोब जपून ठेवावे आणि वकिलांना पहिल्याच भेटीत सारे खरे सांगावे. उशिरा सुचलेल्या बचावावर कुणाचा विश्वास बसत नाही.

दुसरी गोष्ट कार्यकर्त्यांसाठी. पोलीस पंचनाम्यासाठी पंच शोधतात तेव्हा शेजारी दारे लावून घेतात. मग पोलीस नेहमीचेच पंच आणतात आणि उलटतपासणीत खटला ढासळतो. आपण पुढे होऊन पंच व्हावे, जे पाहिले तेवढेच सांगावे आणि तारखेला हजर राहावे. रस्त्यावरच्या घोषणेपेक्षा ही समाजसेवा कमी मोलाची नाही.

आणि तिसरी गोष्ट माझ्या व्यवसायबंधूंसाठी, तसेच हातातल्या मोबाईलवरून क्षणात निकाल देणाऱ्या आपणा सर्वांसाठी. आरोपी म्हणजे अपराधी नव्हे. अटकेची बातमी जेवढ्या जागेत छापली, तेवढीच जागा सुटकेलाही द्यावी. ते वडील निघून गेले, पण दोन्ही कात्रणे टेबलावरच राहिली. मी ती आजही जपून ठेवली आहेत.