माल्कम या नांवाची कथा
(महोत्सवी सभेंत केलेलें भाषण)



बाप्तिस्म्याच्या वेळीं मी आईबापांस बाळाचें नांव विचारतों. उत्तर लगेच मिळतें, परंतु "हेंच नांव कां?" असें विचारतांच पुष्कळदां दोघेंही एकमेकांकडे पाहूं लागतात. म्हणून आज एका परदेशी नांवाची हकीकत सांगतों. तें नांव माल्कम.

हें मूळचें गेलिक भाषेंतील 'मेल कोलुम'. 'मेल' म्हणजे मुंडण केलेला. मठवासी मस्तकाचे केस काढीत, म्हणून त्या शब्दास सेवक वा भक्त असा अर्थ आला. 'कोलुम' म्हणजे कबुतर, अर्थात् संत कोलुंबा. आपल्याकडील 'दास' लावलेल्या नांवांसारखेंच हें नांव. मरियेचा सेवक तो 'मेल मुरे', येशूचा सेवक तो 'मेल ईसू'.

संत कोलुंबा आयर्लंडच्या राजकुळांतले. इ. स. ५६३ मध्यें त्यांनीं समुद्र ओलांडून आयोना बेटावर मठ स्थापिला, आणि ५९७ मध्यें तेथेंच देह ठेविला. पुढें स्कॉटलंडच्या चार राजांनीं त्यांच्या सेवकाचें हें नांव धारण केलें.

त्यांतील तिसरा माल्कम १०५८ मध्यें गादीवर आला. नांव कबुतराच्या सेवकाचें, पण हात तरवारीचा! इंग्लंडच्या उत्तर भागावर त्यानें पांच स्वाऱ्या केल्या. गांवें जाळलीं, माणसें गुलाम करून नेलीं. परंतु त्याची राणी संत मार्गारेट होती. त्या राजास वाचतां येत नसे. तरी राणीचीं प्रार्थनेचीं पुस्तकें तो हातीं घेई व त्यांचें चुंबन घेई, असें तिच्या चरित्रकारानें लिहून ठेविलें आहे. १३ नोव्हेंबर १०९३ रोजीं पांचव्या स्वारींत तो पडला; मार्गारेटचा वडील पुत्रही गेला. ती वार्ता ऐकून १६ नोव्हेंबरला राणीनेंही प्राण सोडला. १२५० मध्यें पोपमहाराजांनीं तिला संतपद दिलें.

बंधुभगिनींनो, पवित्र नांवानें त्या राजाचा हात आवरला नाहीं. त्याचें मन थोडेंफार मऊ झालें तें घरांतील प्रार्थनेनें. नांव आपण एका दिवसांत देतों; त्याचा अर्थ मुलांस रोज जगून दाखवावा लागतो. घरीं गेल्यावर प्रत्येकानें आपल्या मुलांस त्यांच्या नांवाची कथा सांगावी, आणि ती ठाऊक नसेल तर आधीं स्वतः शिकून घ्यावी, एवढीच या महोत्सवाच्या दिवशीं माझी विनंती.