हप्त्यावरची वेगवान मोटार

गेल्या दिवाळींत माझा पुतण्या एक छापील कागद घेऊन माझ्याकडे आला. वय वर्षें चोवीस. पुण्यास नोकरीला लागून पुरतीं दोन वर्षेंहि झालीं नव्हतीं. कागदावर तांबड्या रंगाच्या, बुटक्या बांध्याच्या एका वेगवान मोटारीचें चित्र होतें आणि त्याखालीं ठळक अक्षरांत मासिक हप्त्याचा आंकडा होता. तो म्हणाला, "काका, एक पैसाहि रोख न देतां मोटार घरीं येते. जामीन म्हणून बाबांची एक सही तेवढी हवी. तुम्ही त्यांना समजवा." मागोमाग माझे थोरले बंधूहि आले. ते कांहीं बोलले नाहींत. पण त्यांची निवृत्ति दोन वर्षांवर आलेली आणि धाकट्या मुलीचें शिक्षण व्हावयाचें आहे, हें मला ठाऊक होतें. मीं म्हटलें, "मोटारींतलें मला फारसें कळत नाहीं. हिशोबांतलें थोडें कळतें. आपण तिघे मिळून हा कागद वाचूं."

श्रोतेहो, त्या संध्याकाळीं आम्हीं जो हिशोब मांडला तोच आज आपल्यापुढें ठेवावयाचा आहे. आपल्यापैकीं अनेकांच्या घरीं असा कागद आज ना उद्यां येणारच. तरुणाला वेगाची ओढ असावी यांत मला कांहीं गैर वाटत नाहीं. प्रश्न ओढीचा नाहीं. त्या वेगाचे पैसे कोण, केव्हां आणि किती काळ देणार, एवढाच आहे.

हप्त्यानें मोटार विकण्याची पद्धति नवी नाहीं. अमेरिकेंत जनरल मोटर्स कंपनीनें गिऱ्हाइकांस कर्ज पुरविण्यासाठीं स्वतंत्र संस्था काढली ती १९१९ सालीं. आपल्याकडे बँक कर्ज देते तेव्हां मोटार बँकेकडे तारण राहते आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५१ व्या कलमान्वयें त्या तारणाची नोंद मोटारीच्या नोंदणीपुस्तकांत होते. मोटार आपल्या दारांत उभी असते, चावी आपल्या खिशांत असते. परंतु कर्ज फिटून ती नोंद निघेपर्यंत बँकेच्या संमतीवांचून ती दुसऱ्याच्या नांवावर करतां येत नाहीं. शेवटचा हप्ता भरल्यावर बँकेचें ना-हरकत पत्र घेऊन ही नोंद काढून घेणें, हें काम पुष्कळ लोक विसरतात आणि मोटार विकावयाच्या वेळीं हैराण होतात.

व्याजाच्या दराविषयीं एक सूचना येथेंच देऊन ठेवतों. दर "सरसकट" आहे कीं "घटत्या शिलकेवर" आहे, हें आधीं विचारावें. दहा लाखांवर सरसकट शेंकडा ६ प्रमाणें पांच वर्षांचें व्याज ३ लाख होतें. तेरा लाख भागिले साठ महिने, म्हणजे हप्ता २१,६६७ रुपये. ऐकावयास हें स्वस्त वाटतें. परंतु दरमहा मुद्दल फिटत असतांना व्याज मात्र मूळच्या दहा लाखांवरच आकारलेलें असतें. घटत्या शिलकेच्या हिशोबानें हाच दर शेंकडा अकराच्या अगदीं जवळ जातो. सहा आणि अकरा यांतील हा फरक ठळक अक्षरांत कोठें छापलेला नसतो.

आतां मूळ हिशोबाकडे वळूं. शर्यतीच्या घाटाच्या खऱ्याखुऱ्या परदेशी मोटारींची किंमत याहून किती तरी अधिक असते. पण माझ्या पुतण्याच्या नजरेंतली मोटार २० लाखांची होती, म्हणून तोच आंकडा घेतों. महाराष्ट्रांत दहा ते वीस लाखांच्या खासगी पेट्रोल मोटारीवर शेंकडा १२ एकरकमी कर पडतो; तो झाला २ लाख ४० हजार. विमा, नोंदणी व इतर किरकोळ खर्च मिळून ६० हजार धरले, तर मोटार रस्त्यावर येईपर्यंत २३ लाख होतात. "एक पैसाहि न देतां" याचा अर्थ हे सगळे २३ लाख कर्जाऊ घ्यावयाचे. मुदत सात वर्षें, व्याज दर साल दर शेंकडा १० घटत्या शिलकेवर. हप्ता येतो ३८,१८३ रुपये; आणि सात वर्षांत केवळ व्याजच भरतें सुमारें ९ लाख ७ हजार.

"पण हप्ता मला झेपतो," पुतण्या म्हणाला. पगारांतून भाडें व जेवण वजा जातां तो कसाबसा झेपत होता, हें खरें. तरुण गिऱ्हाईक येथेंच थांबतें. हप्ता झेपतो कीं नाहीं, हा पहिला प्रश्न झाला. दुसरा प्रश्न असा कीं, मोटार उद्यां नाहींशी झाली तर काय? याचें उत्तर कर्जाच्या कागदांत मिळत नाहीं. तें विमापत्रांत पाहावें लागतें.

मोटारीच्या विम्याचे दोन भाग असतात. पहिला त्रयस्थाचा विमा. म्हणजे आपल्या मोटारीनें दुसऱ्यास इजा झाली तर त्याच्या भरपाईचा. तो आपल्याकडे १९३९ च्या कायद्यानें आला, १९४६ पासून सक्तीचा झाला आणि १९८८ च्या कायद्यांतहि सक्तीचाच आहे. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकांत १५०० घन सेंटिमीटरांहून मोठ्या इंजिनाच्या खासगी मोटारीस त्याचा वर्षाचा दर ७,८९७ रुपये ठरविला गेला. दुसरा भाग स्वतःच्या मोटारीच्या नुकसानीचा व चोरीचा. हा कायद्यानें सक्तीचा नाहीं. मात्र कर्ज देणारी बँक त्याचा आग्रह धरते, आणि तें योग्यच आहे.

येथें एक खड्डा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानें १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीस त्रयस्थाचा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागूं लागला. त्यामुळें विमापत्रावर तीन वर्षांपुढची तारीख पाहून मनुष्य निश्चिंत होतो. पण स्वतःच्या नुकसानीचा भाग बहुधा एकाच वर्षाचा असतो. तें वर्ष संपलें कीं दुसऱ्यास मोटारीनें इजा झाली तर विमा आहे, आणि मोटार चोरीस गेली तर नाहीं, अशी स्थिति होते. शिवाय हा भाग संपल्यावर नव्वद दिवसांत नूतनीकरण न केल्यास, नुकसानभरपाई न मागितल्याबद्दल मिळणारी सूटहि जाते. ही सूट पहिल्या वर्षानंतर शेंकडा २० पासून चढत पांच वर्षांनीं शेंकडा ५० पर्यंत पोंचते. ती गमावणें परवडणारें नाहीं.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मोटार चोरीस गेली, किंवा तिच्या दुरुस्तीचा खर्च विमामूल्याच्या शेंकडा ७५ हून अधिक होऊं लागला, तर मोटार पूर्णपणें गेली असें मानून कंपनी विमामूल्य देते. हें विमामूल्य म्हणजे आपण दिलेले पैसे नव्हेत. मोटारीच्या विक्रीच्या किंमतींतून घसारा वजा करून तें ठरतें. प्रचलित तक्ता असा: सहा महिन्यांपर्यंत शेंकडा ५, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पांचपर्यंत ५०. भरलेला कर या मूल्यांत धरलेला नसतो; मोटारीबरोबर तोहि बुडतो.

मीं कागदावर दोन रकाने आंखले. एका बाजूस कर्जाची शिल्लक, दुसऱ्या बाजूस विमामूल्य. पहिल्या वर्षांत पुतण्या ४ लाख ५८ हजार भरणार. पण आरंभींच्या हप्त्यांत व्याजाचा वांटा मोठा असल्यामुळें मुद्दल घटणार अवघें २ लाख ३९ हजारांनीं. म्हणजे तेराव्या महिन्यांत शिल्लक कर्ज सुमारें २० लाख ६१ हजार, आणि विमामूल्य १६ लाख. दोन वर्षांनीं कर्ज सुमारें १७ लाख ९७ हजार, विमामूल्य १४ लाख. तीन वर्षांनीं १५ लाख ५ हजार, आणि १२ लाख. चार वर्षें हप्ते भरल्यावरहि कर्ज पावणेदोन लाखांहून अधिकानें पुढेंच.

समजा, तेराव्या महिन्यांत मोटार चोरीस गेली. विम्याचे पैसे मिळतात. पण विमापत्रावर बँकेचें नांव असल्यामुळें ते आधीं बँकेकडे जातात. सोळा लाख वळते झाल्यावर ४ लाख ६१ हजारांचें देणें उरतें. मोटार नाहीं, हातीं दमडी नाहीं, आणि कर्ज आहे. मुलानें तें फेडलें नाहीं तर बँक जामिनाकडे येते. १८७२ च्या करार कायद्याच्या १२८ व्या कलमानें, करारांत वेगळें ठरलें नसेल तर, जामिनाची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. "एक सही तेवढी" हिचा अर्थ हा असा आहे. बंधूंनीं तो आंकडा दोनदां वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

ही दरी बुजविण्याचे मार्ग आहेत. जादा दर भरून बिलांतील मूळ किंमत मिळवून देणारें संरक्षण विमापत्रास जोडतां येतें. तें बहुधा मोटारीच्या पहिल्या कांहीं वर्षांपुरतेंच मिळतें. सुट्या भागांवरील घसारा माफ करणारें संरक्षणहि असतें. कारण तें नसेल तर रबर व प्लॅस्टिकच्या भागांची भरपाई निम्मीच मिळते. दोन्ही घ्यावींत. परंतु खरा उपाय विम्यांत नाहीं. कर्ज कमी घेण्यांत आहे. ८ लाख स्वतःचे घालून १५ लाखच पांच वर्षांसाठीं घेतले, तर हप्ता होतो ३१,८७१ आणि एकूण व्याज सुमारें ४ लाख १२ हजार. तेराव्या महिन्यांत कर्ज १२ लाख ५७ हजार, विमामूल्य १६ लाख. मोटार गेली तरी मुलाच्या हातीं तीन लाखांहून अधिक उरतात आणि जामिनास धक्का लागत नाहीं.

वेगवान मोटारीविषयीं आणखी एक इशारा. विमापत्रांतील बारीक अक्षरें वाचलीं तर आढळेल कीं, शर्यत किंवा वेगाची चांचणी चालू असतां झालेल्या नुकसानीस विमा लागू होत नाहीं. मद्यपान करून मोटार हांकली तरी तेंच. इंजिनांत वा धुराच्या नळींत परस्पर फेरफार केले आणि कंपनीस कळविलें नाहीं, तर भरपाईस हरकत निघते. शिवाय मोटारीच्या मूळ रचनेंत बदल करण्यास कायद्याच्या ५२ व्या कलमाचीहि आडकाठी आहे. म्हणजे ज्या हौशीसाठीं अशी मोटार घ्यावयाची, त्याच हौशीच्या भरांत विमा निरुपयोगी ठरूं शकतो.

इंग्लंडांत तरुण चालकास विम्याचा दर इतका जबर पडतो कीं, मोटारीच्या किंमतीइतकीच त्याचीहि धास्ती वाटते. आपल्याकडे हा दर मुख्यतः मोटारीची किंमत, तिचें वय, इंजिनाचा आकार आणि शहर यांवर ठरतो. चालकाचें वय त्यांत फारसें मोजलें जात नाहीं. आपल्या तरुणांस ही सवलतच वाटेल. मला तसें वाटत नाहीं. तेथें विम्याचा दरच तरुणाला दोन क्षण थांबवितो. येथें थांबविणारें कोणी नाहीं. म्हणून तें काम घरांतल्या माणसांनीं, आणि त्याहून बरें म्हणजे तरुणानें स्वतःच, केलें पाहिजे.

शेवटीं पुतण्यानें विचारलें, "म्हणजे मीं घेऊंच नये काय?" मीं म्हटलें, "घे ना. पण हप्ता झेपतो म्हणतोस, तर तो आधीं स्वतःच्या खात्यांत भरून दाखव. दरमहा ३८,१८३ टाकलेस कीं एकवीस महिन्यांत आठ लाख होतात. मग पांच वर्षांचें कर्ज काढ. एकवीस आणि साठ मिळून एक्याऐंशी महिने. आज कर्ज काढून चौऱ्याऐंशी महिने फेडीत बसशील, त्याच्या तीन महिने आधींच तूं मोकळा होशील, आणि जवळजवळ पांच लाखांचें व्याज वांचेल." दरम्यान मोटारीची किंमत थोडी वाढेल, हें त्यानेंच मला सांगितलें, सांठलेल्या पैशांवर व्याजहि मिळेल, हें मीं त्याला सांगितलें.

या गोष्टीस दहा महिने झाले. त्याच्या खात्यांत आठ हप्ते पडले आहेत, दोन चुकले. तेच बँकेचे चुकले असते तर दंड पडला असता आणि पुढें कर्ज मागतांना जी पत पाहिली जाते तीहि उतरली असती. आपलेच आपल्याकडे चुकले, म्हणून त्यानें ते निमूटपणें पुढच्या महिन्यांवर वांटून घेतले. तांबड्या मोटारीचें चित्र त्याच्या मेजावर अजून आहे. माझ्या बंधूंनीं सही नाकारलेली नाहीं; परंतु ती कोणत्या आंकड्याखालीं करावयाची, हें आतां बापलेक दोघांनाहि ठाऊक आहे.